नर की मादी? एका दिवसाच्या पिल्लाचे लिंग आणि कोंबडीच्या मांसाचा इतिहास

सन १९२७. कॅनडातील ओटावा शहरात तिसरी जागतिक कुक्कुट परिषद भरली होती. तेथे जपानी संशोधकांनी असा दावा मांडला की, अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू हातात घेऊन ते नर आहे की मादी हे काही क्षणांत सांगता येते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. चांगला प्रकाश, तयार बोटे आणि सरावलेली नजर एवढे पुरेसे आहे.

वरवर पाहता ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु आज जगात कोंबडीचे जे मांस खाल्ले जाते, ते ज्या रीतीने तयार होते त्या रीतीची एक किल्ली या दाव्यात दडलेली होती. नर आणि मादी एकत्र वाढवावेत की वेगळे, हा प्रश्न तोवर कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. जे ओळखता येत नाही ते वेगळे कसे करणार?

अडचण अशी होती. एक दिवसाच्या पिल्लात नर-मादीचा फरक बाहेरून दिसत नाही. तुरा लाल होऊ लागतो, चाल बदलते, शेपटीची पिसे वाकू लागतात, तेव्हा फरक कळतो. आणि तोवर पाच-सहा आठवडे निघून जातात. अंड्यांसाठी ५०० कोंबड्या हव्या असणाऱ्या शेतकऱ्याला १,००० पिल्ले विकत घ्यावी लागत. त्यांतील निम्मे नर दीड-दोन महिने धान्य खात, ऊब घेत, जागा अडवत, आणि मग बाजारात जात.

माणसाने हे कोडे सोडवण्याचा प्रयत्न फार पूर्वीपासून केला होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथात लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते आणि गोल अंड्यातून नर, असे सांगितले आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोल्युमेला याने नेमके उलट लिहिले: नर हवे असतील तर लांब आणि टोकदार अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवा, माद्या हव्या असतील तर गोल ठेवा. दोन थोर ग्रंथकार, दोन परस्परविरुद्ध नियम. पिल्ले मात्र दोन्हीकडे निम्मी-निम्मीच निघत राहिली असणार, कारण अंड्याच्या आकाराचा आतल्या जीवाच्या लिंगाशी काहीही संबंध नाही.

मांसाच्या बाबतीत नर आणि मादी यांच्यात भेद करण्याची रीत मात्र तितकीच जुनी आहे. कोंबड्यांना खच्ची करण्याचे वर्णन अ‍ॅरिस्टॉटलने केले आहे. खच्ची केलेला कोंबडा झुंजत नाही, आरवत नाही; त्याच्या अंगी चरबी धरते आणि मांस मऊ राहते. रोमचा एक किस्सा तर फारच प्रसिद्ध आहे. इसवी सनपूर्व १६१ मध्ये तेथे फॅनियस याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. मेजवान्यांची उधळपट्टी रोखण्यासाठी त्याने ताटात एकच कोंबडी, आणि तीही मुद्दाम लठ्ठ न केलेली, वाढण्याची मर्यादा घातली. या कायद्याला बगल देण्यासाठीच रोमनांनी खच्ची कोंबड्याचा शोध लावला, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. थोरल्या प्लिनीने सांगितलेली हकिकत याहून साधी आणि अधिक गमतीची आहे. कायद्यात उल्लेख मादीचा होता; म्हणून लोकांनी दुधात भिजवलेले खाद्य घालून नरांना लठ्ठ करण्यास सुरुवात केली. कायद्यातील एका स्त्रीलिंगी शब्दाने नराचे नशीब उजळले, म्हणजे ते सुरीखाली अधिक सन्मानाने गेले, इतकेच!

त्यानंतरची जवळपास दोन हजार वर्षे बहुतेक खेड्यांतील व्यवस्था एकाच स्वरूपाची राहिली. महाराष्ट्रातील परसातल्या खुराड्यातही तीच दिसते. कोंबडी अंडी उबवते, पिल्ले तिच्यामागे एकत्र वाढतात, दाणे टिपतात. तलंग अंड्यांसाठी राखली जाते. कोंबड्यांपैकी एक-दोन पैदाशीला ठेवून बाकीचे पाहुण्यांसाठी, सणासाठी, देवाच्या नावाने किंवा बाजारासाठी जातात. या व्यवस्थेत मांस हे अंड्याचे उपउत्पादन असते. निवड होते, पण ती पिल्ले मोठी झाल्यावर. एकत्र वाढवण्याचा तोटाही जाणवत नाही, कारण खाद्य विकतचे नसते. उकिरडा आणि खळे त्यांना पोसतात.

खाद्य विकतचे झाले आणि हिशेब बदलला.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नव्याने प्रकाशात आले होते आणि ते तपासण्यासाठी कोंबडी हा सोयीचा प्राणी ठरला. १९०८ मध्ये अमेरिकेतील विल्यम जॅस्पर स्पिलमन यांनी प्लिमथ रॉक जातीच्या पिसांवरील आडव्या पट्ट्यांचा वारसा लिंगाशी जोडलेला असतो, हे दाखवले. पक्ष्यांमध्ये हा खेळ माणसाच्या उलट चालतो. माणसात बाळाचे लिंग पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते. कोंबड्यांत ते आईवर ठरते. नरामध्ये झेड गुणसूत्राची जोडी असते, मादीमध्ये एक झेड आणि एक डब्ल्यू. याचा एक सुंदर परिणाम असा की, आईच्या झेड गुणसूत्रावरील गुण केवळ मुलांकडे जातो, मुलींकडे जात नाही.

या परिणामाचा व्यवहारात उपयोग करण्याचे श्रेय बहुतांशी केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांना जाते. (जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्यांच्या नावाचा चौकोन काढावा लागतो, तेच हे पनेट.) पहिल्या महायुद्धात ब्रिटनला धान्याची टंचाई जाणवू लागली. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवत होत्या आणि निरुपयोगी नरांना खाऊ घातलेला प्रत्येक दाणा डोळ्यांत खुपत होता. पनेट यांनी सुचवले की योग्य संकर केल्यास पिल्लाच्या रंगावरूनच लिंग कळेल. सोनेरी रंगाचा नर आणि चंदेरी रंगाची मादी यांचा संकर केला, तर मुलगे फिकट पिवळसर आणि मुली तांबूस निघतात. अंड्यातून बाहेर येताच टोपलीत दोन रंग दिसतात आणि निवड करणे एखाद्या पोरालाही जमते. पुढे पनेट आणि मायकेल पीज यांनी केंब्रिजमध्ये ‘कॅम्बार’ ही जात तयार केली. शुद्ध जातीतच पिल्लाच्या रंगावरून नर-मादी ओळखू यावी, हा तिचा हेतू होता. तिच्या पाठोपाठ ‘लेगबार’ आली.

उपाय देखणा होता, पण त्याला मर्यादा होती. तो ठराविक रंगांच्या संकरांतच चाले. अंड्यांच्या धंद्यात सर्वांत लाडकी होती पांढरी लेगहॉर्न, आणि तिच्या पिवळ्या पिल्लांच्या रंगात काहीच वाचता येत नव्हते.

नेमक्या या ठिकाणी जपानी पद्धत उपयोगी पडली. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातील कियोशी मासुई आणि त्यांचे सहकारी जुरो हाशिमोतो व इसामू ओहनो यांनी १९२०च्या दशकाच्या मध्यास पिल्लांच्या शरीररचनेचा बारकाईने अभ्यास केला. नर पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतल्या कडेवर टाचणीच्या डोक्याएवढा एक उंचवटा असतो, असे त्यांना आढळले. मादीत तो बहुधा नसतो. ‘बहुधा’ या शब्दातच सारी अडचण होती, कारण काही माद्यांतही लहानसा उंचवटा दिसतो आणि काही नरांत तो चपटा असतो. आकार, चकाकी, घट्टपणा, बोटाने दाबल्यावर तो टिकतो की विरतो, अशा खुणांवरून निर्णय घ्यावा लागतो. तोही लवकर, कारण दीड दिवसानंतर तो भाग पुन्हा उघडून पाहणे कठीण होत जाते.

काम करण्याची रीत अशी. डाव्या हातात पिल्लू धरायचे, हलक्या दाबाने त्याची विष्ठा बाहेर काढायची, अंगठा आणि तर्जनीने गुदद्वार उलटे करून प्रखर दिव्याखाली एक नजर टाकायची, आणि पिल्लू डावीकडच्या किंवा उजवीकडच्या खोक्यात सोडायचे. निष्णात कामगार तासाला ८०० ते १,२०० पिल्ले पाहतो आणि शंभरात एक-दोनच चुका करतो. म्हणजे एका पिल्लाला तीन-चार सेकंद. यात पिल्लू उचलणे आणि खाली ठेवणेही आले.

जपानमध्ये यासाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाले, परीक्षा होऊ लागल्या, आणि १९३०च्या दशकात हे तज्ज्ञ उत्तर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पोहोचले. मासुई आणि हाशिमोतो यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३३ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथून प्रसिद्ध झाले. उबवणी केंद्रांना हे तंत्र म्हणजे घबाड वाटले. आता मादी पिल्ले वेगळी, चढ्या भावाने विकता येऊ लागली. मिश्र पिल्लांच्या जवळपास दुप्पट भाव त्यांना मिळे. नर पिल्ले मात्र कवडीमोल झाली.

या कथेतील माणसांकडेही पाहायला हवे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाच्या लोकांविरुद्ध त्या काळी तीव्र वंशद्वेष होता. १९२४च्या कायद्याने जपानमधून होणारे स्थलांतर बंद झाले होते. तेथेच जन्मलेल्या, शिकलेल्या जपानी वंशाच्या तरुणांनाही त्यांच्या शिक्षणाला साजेशी नोकरी मिळत नसे. अशा वेळी पिल्ले ओळखण्याचे काम त्यांच्यासाठी एक आडवाट ठरले. १९३७ मध्ये जॉन निट्टा यांनी अमेरिकन चिक सेक्सिंग स्कूल सुरू केले. पेनसिल्व्हेनियातील लॅन्सडेल हे त्याचे ठिकाण. हंगामाचे चार-पाच महिने गावोगावच्या उबवणी केंद्रांत फिरायचे, रात्री-अपरात्री अंडी फुटली की कामाला बसायचे, आणि नगावर मजुरी घ्यायची. कष्ट अतोनात होते, पण कमाई त्या काळच्या शेतमजुराच्या कितीतरी पट असे.

जपानी माणसाची बोटे लहान आणि नजर तीक्ष्ण, म्हणून हे काम त्यालाच जमते, अशी समजूत तेव्हा पसरली. तिला शास्त्रीय आधार नव्हता; गोऱ्या आणि इतर वंशांच्या अनेकांनी पुढे हे काम तितक्याच सफाईने केले. परंतु इतर सर्व दारे बंद करणाऱ्या वंशभेदाने हे एकच दार उघडे ठेवले असताना, त्या समाजानेही ही समजूत खोडून काढण्याची घाई केली नाही, यात नवल नाही.

मग पर्ल हार्बर झाले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. इतिहासाची विसंगती अशी की, त्याच सरकारला युद्धकाळात अंडी आणि कोंबड्यांचे उत्पादन वाढवायचे होते. लाल मांस सैन्याकडे वळवले जात होते आणि नागरिकांनी कोंबडी खावी असा प्रचार सुरू होता. उत्पादन वाढवायचे तर पिल्ले ओळखणारी माणसे हवीत. म्हणून छावण्यांतील काही तरुण-तरुणींना या कामासाठी देशाच्या आतल्या भागात जाण्याची मुभा मिळाली, आणि लॅन्सडेलच्या शाळेने छावण्यांतून विद्यार्थी घेतले. ज्यांच्या निष्ठेवर सरकारचा विश्वास नव्हता, त्यांच्या बोटांवर मात्र होता.

या कौशल्याभोवती आणखी एक आख्यायिका आहे आणि ती आजही पुस्तकांतून फिरते: पिल्ले ओळखणारे तज्ज्ञ आपण कसे ओळखतो हे स्वतःलाही सांगू शकत नाहीत, वर्षानुवर्षे गुरूजवळ बसून ते अंगी मुरते. १९८७ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग बीडरमन आणि मार्गारेट शिफ्रार यांनी हे तपासले. पन्नास वर्षांत साडेपाच कोटी पिल्ले पाहिलेल्या एका जाणकाराच्या मदतीने त्यांनी उंचवट्याच्या आकाराविषयीची सूचना एका पानावर लिहिली आणि पूर्णतः नवख्या लोकांना दिली. छायाचित्रे ओळखण्यात ते नवखे लोक काही मिनिटांत तज्ज्ञांच्या बरोबरीला आले. जिवंत, वळवळणारे पिल्लू तीन सेकंदांत उलगडणे ही वेगळी गोष्ट, हे खरे; पण गूढ वाटणारे ज्ञान शब्दांत मांडता येते, हे त्यातून दिसले.

आता मांसाकडे वळू. येथवरची सारी खटपट अंड्यांसाठी होती. मांसासाठीच कोंबड्या वाढवण्याचा स्वतंत्र धंदा १९२०पर्यंत जवळजवळ नव्हताच. शहरांत ‘वसंतातली कोंबडी’ म्हणून जी कोवळी कोंबडी विकली जाई, ती म्हणजे अंड्यांच्या कळपातून बाजूला काढलेले तरुण नर. ते वसंतात जन्मत, म्हणून उन्हाळ्यापर्यंतच मिळत, आणि महाग असत.

१९२३ मध्ये डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू येथील सेलिया स्टील या गृहिणीने अंड्यांसाठी ५० पिल्लांची मागणी नोंदवली. चुकून ५०० पिल्ले आली. तिने ती परत न पाठवता एका शेडमध्ये वाढवली आणि जगलेली ३८७ पाखरे प्रत्येकी सुमारे दोन पौंडांची झाल्यावर पौंडाला ६२ सेंट भावाने मांसासाठी विकली. पुढच्या वर्षी तिने १,००० पिल्ले मागवली. १९२६ पर्यंत तिच्याकडे १०,००० पाखरांची सोय होती. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मांसाचा हिशेब मांडला की नर टाकाऊ राहत नाही. दोन्ही लिंगे कामाची ठरतात. म्हणून ब्रॉयलरच्या धंद्याचा आरंभ एकत्र वाढवण्यानेच झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. किराणा दुकानांची साखळी असलेल्या ‘ए अँड पी’ने पुरस्कृत केलेल्या ‘चिकन ऑफ टुमॉरो’ या स्पर्धेची राष्ट्रीय अंतिम फेरी १९४८ मध्ये डेलावेअरमध्येच झाली. भरदार छातीची, लवकर वाढणारी, कमी खाद्यात अधिक मांस देणारी कोंबडी निर्माण करणे हा तिचा हेतू होता. कॅलिफोर्नियातील व्हॅन्ट्रेस यांचा कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर पहिला आला आणि १९५१च्या फेरीतही त्यांनीच बाजी मारली. त्यानंतर अंड्यांची कोंबडी आणि मांसाची कोंबडी हे जणू दोन वेगळे प्राणी झाले.

या फाटाफुटीची किंमत अंड्यांच्या कोंबडीच्या भावाने मोजली. पूर्वी अंड्यांच्या जातीचा नर निदान मांसासाठी वाढवला जाई. आता त्याला ब्रॉयलरइतके वजन गाठायला तिप्पट वेळ लागू लागला, आणि छाती तरीही सपाटच. जपानी तंत्राने तो पहिल्याच दिवशी ओळखता येत होता. म्हणून तो पहिल्याच दिवशी मारला जाऊ लागला. आज जगभरात अशा नर पिल्लांची संख्या वर्षाला सहा ते सात अब्जांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. भारतात जत्रेत, आठवडी बाजारात गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगात बुडवून टोपल्यांतून विकली जाणारी जी पिल्ले असतात, तीही बहुतांशी हेच नको असलेले नर. रंग उडतो, आणि बहुतेक पिल्ले त्याआधीच दगावतात.

ब्रॉयलरच्या बाजूला मात्र नर आणि मादी एकाच शेडमध्ये नांदत होते. तेथे प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. सहाव्या आठवड्यात ब्रॉयलर नर हा मादीपेक्षा साधारण बारा ते पंधरा टक्के, काही वेळा त्याहूनही जड असतो. त्याला अधिक प्रथिने लागतात. मादीची वाढ लवकर मंदावते आणि तिच्या अंगी चरबी लवकर धरते. दोघांना एकच खाद्य दिले तर ते कोणालाच नेमके बसत नाही. पाखरे हाताने सोलली, साफ केली जात तोवर हा फरक कोणाला सलत नव्हता. कापणाऱ्याचे हात लहान-मोठ्या पाखरांशी जुळवून घेत.

यंत्रे मात्र जुळवून घेत नाहीत. कत्तलखान्यांत साखळीवर उलटी टांगलेली पाखरे एकापाठोपाठ एक पुढे सरकू लागली आणि आतडी काढणारी यंत्रे एका ठराविक आकारासाठी बसवली जाऊ लागली, तेव्हा लहान पाखरू आणि मोठे पाखरू यांतील फरक म्हणजे फाटलेले आतडे आणि खराब झालेले मांस असा अर्थ झाला. दुसरीकडे, तळलेल्या कोंबडीच्या दुकानांना प्रत्येक तुकडा सारख्या वजनाचा हवा होता, तर छातीचे बोनलेस मांस विकणाऱ्यांना जितके मोठे पाखरू तितके चांगले. म्हणजे मादी एका गिऱ्हाइकाची आणि नर दुसऱ्याचा. एकत्र वाढवलेल्या कळपातून दोघांनाही हवे ते मिळेना.

वेगळे करायचे, तर पुन्हा तोच जुना प्रश्न: ओळखायचे कसे? आठवड्याला लाखो पिल्ले काढणाऱ्या ब्रॉयलर उबवणी केंद्राला जपानी पद्धत महाग पडे. मांसाच्या पिल्लातला नफा पैशांत मोजण्याइतका बारीक असतो. रंगाचा मार्गही बंद होता, कारण मांसाच्या कोंबडीची पिसे पांढरीच हवी होती. गडद पिसांची मुळे सोललेल्या त्वचेवर काळ्या ठिपक्यांसारखी उरतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडते.

उत्तर सापडले ते पंखांत. रशियन आनुवंशशास्त्रज्ञ सेरेब्रोव्हस्की यांनी १९२२ मध्ये दाखवले होते की, पिसे हळू फुटण्याचा गुण झेड गुणसूत्रावर बसलेला असतो. पैदास करणाऱ्या कंपन्यांनी तोच धागा उचलला. आई हळू पिसे फुटणाऱ्या वंशाची आणि बाप लवकर पिसे फुटणाऱ्या वंशाचा ठेवला, की सर्व मुलगे हळू आणि सर्व मुली लवकर पिसे फुटणाऱ्या निघतात. पिल्लाचा पंख पंख्यासारखा उघडायचा. उडण्याची मुख्य पिसे वरच्या झाकणाऱ्या पिसांपेक्षा लांब असतील तर मादी. दोन्ही सारखी, किंवा मुख्य पिसेच आखूड असतील तर नर. हे थोड्या दिवसांच्या सरावाने कोणालाही जमते आणि जपानी पद्धतीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. पनेट यांनी महायुद्धात रंगाच्या बाबतीत जी युक्ती सुचवली होती, तीच येथे पिसांच्या वाढीवर लागू झाली.

त्यानंतर नर आणि मादी वेगळे वाढवणे मांसाच्या धंद्यात शक्य झाले, आणि अनेक देशांत ते रूढही झाले. माद्यांना स्वस्त, कमी प्रथिनांचे खाद्य लवकर सुरू करता येते. नरांची भांडी त्यांच्या उंचीप्रमाणे वर उचलता येतात. एकत्र शेडमध्ये तीच उंची ठेवली तर लहान माद्या उपाशी राहतात. युरोपात काही ठिकाणी एकाच शेडमध्ये मधोमध जाळी घालून दोन भाग करतात. पाचव्या आठवड्याच्या सुमारास माद्या विकतात आणि मग ती जागाही नरांना मोकळी करून देतात.

तरीही वेगळे वाढवण्याचा सार्वत्रिक विजय झाला, असे म्हणता येणार नाही. हळू पिसे फुटणारे नर काही आठवडे अंगाने उघडे राहतात, त्यांच्या कातडीवर ओरखडे पडतात. ओळखण्याची मजुरी लागते, दोन प्रकारचे खाद्य ठेवावे लागते, शेड एकाच वेळी भरणे-रिकामे करणे अवघड जाते. ज्या बाजाराला एकसारख्या वजनाची गरजच नाही, तेथे हा सारा खर्च कशासाठी?

भारत हा असाच बाजार आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने अमेरिकन कॉब वंशाचे पाखरू ‘व्हेन्कॉब’ या नावाने येथे रुजवले, कंत्राटी पद्धतीने हजारो शेतकरी ब्रॉयलरकडे वळले. पण येथील शेडमध्ये तुसावर नर आणि मादी पिल्ले बहुधा एकत्रच सोडली जातात. कारण पाखरू कत्तलखान्याच्या साखळीवर न जाता जिवंतच दुकानात जाते. ‘लिफ्टिंग’च्या दिवशी व्यापारी वजनाप्रमाणे पाखरे निवडून नेतो. तंदुरीसाठी लहान पाखरू हवे असणारा हॉटेलवाला आणि दोन किलोंचे पाखरू डोळ्यांसमोर कापून घेणारे घरचे गिऱ्हाईक यांच्यात तो फरक आपोआप वाटला जातो. म्हणजे उबवणी केंद्रात जे वर्गीकरण होत नाही, ते येथे वजनकाट्यावर होते.

अंड्यांच्या बाजूला राहिलेला जुना हिशेब मात्र युरोपात अलीकडे पुन्हा उघडला गेला. जर्मनीत दरवर्षी सुमारे साडेचार कोटी नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जात. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१९ मध्ये असे म्हटले की, केवळ आर्थिक हित हे त्यासाठी पुरेसे कारण नाही. पर्याय तयार होईपर्यंत मात्र ही पद्धत चालू ठेवण्याची मुभा दिली. त्यापूर्वीच, २०१८ च्या अखेरीस, बर्लिनमधील काही दुकानांत उबवणीदरम्यानच लिंग तपासलेल्या अंड्यांतून निघालेल्या कोंबड्यांची अंडी विक्रीला आली होती. कवचाला सूक्ष्म छिद्र पाडून आतील द्रवाचा थेंब काढायचा आणि संप्रेरकावरून लिंग ओळखायचे, ही ती रीत. १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीत एक दिवसाची नर पिल्ले मारण्यावर कायद्याने बंदी आली.

बंदीनंतर काही उत्पादकांनी अंड्यातच तपासणी करण्याचा मार्ग धरला. काहींनी नरांना वेगळे वाढवून मांसासाठी विकण्याचा मार्ग निवडला. तेथे त्यांना ‘भाऊ कोंबडा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्याला कापणीयोग्य व्हायला ब्रॉयलरच्या दुपटी-तिपटीने आठवडे लागतात, खाद्यही त्या मानाने अधिक लागते, आणि तरीही मांस थोडेच भरते. शंभर वर्षांपूर्वी हाच नर ‘वसंतातली कोंबडी’ म्हणून शहरात चढ्या भावाने जात असे. आज त्याच्या खाद्याचा खर्च भागवण्यासाठी त्याच्या बहिणीच्या प्रत्येक अंड्यावर काही सेंट अधिक आकारावे लागतात.